पेन्शनर सुभेदारांची शाळा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीला जुनी माणसे अजूनही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी तिथे छावणी वसवली. पुढे नियमित पलटणी हलल्या, तरी वयस्क शिपायांची एक पलटण तिथे बरीच वर्षे राहिली. तीही मोडली, पण हवा चांगली आणि आसपासच्या गावांतून फौजेत गेलेली माणसे पुष्कळ, म्हणून पेन्शनरांची वस्ती दापोलीत टिकून राहिली. त्या वस्तीत महार पेन्शनर मोठ्या संख्येने होते. कुणी हवालदार म्हणून निवृत्त झालेला, कुणी जमादार, कुणी सुभेदार. बहुतेकांना लिहिता-वाचता येत होते आणि हिशेब करता येत होता. सरकारदरबारी अर्ज कसा करायचा, हेही त्यांना ठाऊक होते.

१८९२च्या सुमारास या पेन्शनरांनी आपल्या मुलांना दापोलीच्या नगरपालिकेच्या शाळेत घ्यावे, असा अर्ज केला. शाळा सार्वजनिक पैशावर चालत होती, त्यामुळे कागदावर मुलांना नाकारता येत नव्हते. गावातल्या वरच्या जातींच्या लोकांचा मात्र कडवा विरोध होता. प्रकरण वरपर्यंत गेले आणि मुलांना प्रवेश मिळाला, तो शाळेच्या व्हरांड्यात. आत वर्ग चाले आणि बाहेर ही मुले बसत. दारातून जेवढे ऐकू येईल, तेवढे त्यांचे शिक्षण. ज्यांचे बाप राणीच्या फौजेत कवायत करून आणि लढाया मारून आले होते, त्यांना आपल्याच गावात उंबऱ्याच्या आत जागा मिळाली नाही.

महाराष्ट्रातल्या दलित शिक्षणाच्या इतिहासात हा प्रसंग एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. त्यामागे उभ्या असलेल्या माणसांकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. ही माणसे प्रौढपणी, गणवेशात असताना शिकली आणि निवृत्त झाल्यावर शिक्षणाचा ध्यास घेऊन बसली. निवृत्त सैनिकाचे शिक्षण हा आज परदेशातल्या विद्यापीठांचा विषय समजला जातो. आपल्याकडे त्याची मुळे दापोली, सातारा आणि महू इथल्या छावण्यांत आहेत.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महारांची भरती सुरुवातीपासून होती. १ जानेवारी १८१८च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर ‘नाक’ने संपणारी महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. फौजेला लढणाऱ्या माणसाबरोबर कामकाज समजणारा माणूसही लागे. हुकूम वाचणे, हजेरी ठेवणे, कोठारातल्या मालाची नोंद करणे ही पलटणीतली रोजचीच कामे. म्हणून पलटणींतून शाळा चालत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात याची आवर्जून नोंद केली आहे. कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, आणि त्यातून अस्पृश्य समाजाला एक नवी दृष्टी मिळाली, असे त्यांनी लिहिले. त्या काळात गावच्या शाळेत ज्या मुलाला फिरकू दिले नसते, तो पलटणीच्या शाळेत रांगेत बसून धुळाक्षरे गिरवत होता. मुलीही शिकत होत्या, हे विशेष.

या शाळांना शिक्षक लागत, आणि ते फौजेतूनच तयार केले जात. रामजी मालोजी सकपाळ हे अशा शिक्षकांपैकी एक. त्यांचे वडील मालोजी फौजेत होते, सासरेही फौजेत. पत्नी भीमाबाई ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या लष्करी घराण्यातल्या. रामजी सॅपर्स अँड मायनर्समध्ये दाखल झाले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून त्यांनी अध्यापनाची पात्रता मिळवली आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून काम केले. शिपाई, मग विद्यार्थी, मग शिक्षक असा त्यांचा प्रवास झाला. १४ एप्रिल १८९१ रोजी महूला त्यांचे चौदावे अपत्य जन्मले, ते भीमराव, म्हणजेच पुढचे डॉ. आंबेडकर.

रामजींच्या पिढीआधी दापोलीत येऊन राहिलेले आणखी एक पेन्शनर म्हणजे गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीला स्थायिक झाले. महात्मा फुल्यांच्या विचारांशी त्यांचा निकटचा परिचय होता. निवृत्तीनंतर दोनच वर्षांत, १८८८ साली, त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. तिची मांडणी प्रश्नांची आहे. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कोणता, हे एकामागून एक प्रश्नांत धर्ममार्तंडांना विचारलेले आहे. वर्तमानपत्रांतून ते लिहीत. ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था त्यांनी उभी केली. १८९५मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांना त्यांच्या शेजारी बसणे जड गेले. १९०० साली ते वारले. त्यांना कॉलेज माहीत नव्हते. तरीही शास्त्रग्रंथ चाळून, पुरावे मागून, प्रतिपक्षाला लेखी उत्तर द्यायला भाग पाडण्याची त्यांची पद्धत पाहिली की हा माणूस पेन्शन घेतल्यावर शिकायचा थांबला नव्हता, हे लख्ख दिसते.

पेन्शनीचे महत्त्व इथे समजून घेतले पाहिजे. गावात राहणाऱ्या महाराचे पोट वतनावर आणि बलुत्यावर अवलंबून होते. गावाने हात आखडला की चूल विझली. पेन्शनराची गोष्ट वेगळी. त्याची रक्कम सरकारी खजिन्यातून दरमहा रोख येई आणि त्यासाठी त्याला गावच्या पाटलापुढे हात पसरावा लागत नसे. शाळेसाठी अर्ज करणारे, वर्तमानपत्रात सही करून लिहिणारे, सरकारला जाब विचारणारे पहिले लोक पेन्शनर निघाले, याचे एक मोठे कारण या रोख पैशात आहे. अक्षरओळख आणि स्वतंत्र मिळकत या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हाती पहिल्यांदा आल्या, त्या छावणीत.

आणि नेमक्या त्याच वेळी हा दरवाजा बंद झाला. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धांत फौजेच्या धोरणात मुरला. अमुक जमाती जन्मतः शूर आणि अमुक नव्हेत, असे ठरवून भरतीचे नकाशे नव्याने आखले गेले. १८९०च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली. वलंगकरांनी १८९४ साली सरसेनापतींना उद्देशून विनंतीपत्र तयार केले. रामजी सकपाळांनीही या बंदीविरुद्ध अर्ज करण्यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची मदत घेतली, असे आंबेडकरांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. भरती गेली म्हणजे नुसती नोकरी गेली नाही. नोकरीबरोबर पलटणीतली शाळाही गेली. पुढच्या पिढीने शिकायचे तर गावातल्या त्याच व्हरांड्यावर बसून.

सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर रामजी आधी दापोलीत राहायच्या विचाराने आले, मग बेत बदलून साताऱ्याला गेले आणि १९०४पर्यंत तिथेच राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव दाखल झाले. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेतल्या दिवसांचे वर्णन स्वतः आंबेडकरांनी केले आहे. वर्गात वेगळ्या कोपऱ्यात बसायचे, ते घरून नेलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून संध्याकाळी ते गुंडाळून घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ उघडला तरच पाणी पिता येई. शिपाई नसेल तर दिवस कोरडा.

अशा शाळेत मुलाला टिकवून धरायचे तर घरात दुसरी शाळा हवी. रामजींनी ती चालवली. मराठी संतांची आणि पंडित कवींची कविता ते मुलांकडून पाठ करून घेत. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून शब्द आणि वाक्ये घटवून घेत. चौदा वर्षे लष्करी शाळा चालवलेल्या मास्तरांची ती शिस्त होती. १९०४ साली कुटुंब मुंबईला आले ते परळच्या डबक चाळीत, एका खोलीत. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. त्या एका खोलीत स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळे चाले. जागा इतकी अपुरी की मुलाने आधी लवकर झोपून घ्यायचे, बापाने रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला उठवायचे आणि आपण झोपायचे. मुलगा पहाटेपर्यंत दिव्याशी वाचत बसे. पुस्तकांना पैसे कमी पडले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात. एखादा दागिना मागून घेत, गहाण ठेवत, आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत करत. सैनिकाची पेन्शन मुलाच्या शिक्षणात कशी घातली जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्काराच्या सभेत सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकरांच्या खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१२ साली बी.ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले आणि त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. पलटणीच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंतचा रस्ता अशा रीतीने एका घराने दोन पिढ्यांत कापला. मात्र हा रस्ता कुणी बांधून दिलेला नव्हता. अर्ज, उसनवारी, गहाणवट आणि रात्रीची जागरणे यांतून तो काढावा लागला होता.

पहिल्या महायुद्धात सरकारला पुन्हा माणसे हवी झाली. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१मध्ये मोडली गेली. गरज सरो आणि वैद्य मरो! त्याच १९१७ साली मुंबईत एक वेगळी शाळा निघाली. युद्धात हात-पाय गमावलेले हिंदी शिपाई जहाजांनी मुंबई बंदरात उतरत होते. गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने त्यांच्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले आणि काही वर्षांनी ते पुण्याजवळ खडकीला गेले. अपंग झालेल्या सैनिकाने आता पोटासाठी कोणते काम शिकावे, याचा विचार करून तिथे कामाचे शिक्षण दिले जाई. निवृत्त सैनिकाला विद्यार्थी मानणारी ही मुंबईतली आरंभीची संस्था. तिची मर्यादाही तेव्हाच दिसली. शिपायाला कारागीर करावे, एवढीच तिची झेप होती. तो पदवीधर होऊ शकतो, हा विचार अजून कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी फौज पंचवीस लाखांच्या घरात पोहोचली होती. १९४१मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली होती. युद्ध संपताच ही लक्षावधी माणसे गणवेश उतरवून घरी परतणार होती. अमेरिकेने याची तयारी आधीच केली होती. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जी.आय. बिल म्हणून प्रसिद्ध झालेल्या कायद्यावर सही केली. सरकारने शिक्षणाची फी आणि निर्वाह भत्ता देऊ केला, आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. १९४७ साली अमेरिकेतल्या कॉलेजांत जवळपास निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. बायको-मुले सांभाळून वर्गात बसणारा तिशीचा विद्यार्थी तिथे अचानक नेहमीचा झाला. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णी सैनिकांच्या वाट्याला मात्र बंद दारेच आली. कायदा सर्वांसाठी होता, पण गोऱ्यांची कॉलेजे त्यांना घेत नव्हती. दापोलीच्या पेन्शनरांना ही कहाणी सांगावी लागली नसती.

हिंदुस्थानात त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते होते डॉ. आंबेडकरांकडे, १९४२ ते १९४६. फौजेतून मोकळ्या होणाऱ्या सैनिकांना आणि युद्धकामातल्या कामगारांना नागरी जीवनात बसवण्यासाठी जुलै १९४५मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय सुरू झाले, ते याच खात्याच्या कक्षेत. त्यातून एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाली आणि माजी सैनिकांसाठी तांत्रिक प्रशिक्षणाची केंद्रे उघडली. फाळणीनंतर निर्वासितांनाही या व्यवस्थेचा आधार मिळाला. १९५० साली तिचेच रूपांतर सर्वांसाठी खुल्या कारागीर प्रशिक्षण योजनेत झाले, म्हणजे आजच्या आयटीआयमध्ये. मुंबईच्या उपनगरांतून मुलुंड, कुर्ला, बोरिवली इथल्या आयटीआयच्या फाटकातून रोज सकाळी फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊ पाहणारी मुले आत जातात. त्यांच्या अभ्यासक्रमाचा पूर्वज युद्धावरून परतलेल्या शिपायासाठी आखला गेला होता, आणि ते खाते सांभाळणारा मंत्री एका पेन्शनर सुभेदाराचा मुलगा होता.

बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. कारागिरीच्या पुढे कॉलेज असते, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात पाहिले होते. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेही मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत. पहिले प्राचार्य होते संस्कृतचे विद्वान अ. बा. गजेंद्रगडकर. या कॉलेजाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या वेळापत्रकात होते. वर्ग सकाळी भरत. कारकून, गिरणीतला माणूस, दुकानात राबणारा तरुण सकाळी तास करून थेट कामावर जाई. पोट भरण्यासाठी काम करणाऱ्या माणसाने शिक्षण सोडायचे नाही, घड्याळाने त्याच्यासाठी सरकायचे, ही कल्पना तिथे अमलात आली. विद्यार्थी म्हणजे बापाच्या जिवावर शिकणारा सोळा ते वीस वर्षांचा मुलगा, ही समजूत सिद्धार्थने मोडून काढली. प्रौढ विद्यार्थ्याला मान देणारे कॉलेज कसे असावे, याचा नमुना मुंबईला १९४६ सालीच मिळालेला आहे.

या सगळ्या इतिहासाचा आजच्या उपनगरांशी काय संबंध, तो आता सांगतो. पवईला १९५८ साली आयआयटी सुरू झाली, तिचे पहिले संचालक होते ब्रिगेडियर एस. के. बोस. सैन्यदलांतले अधिकारी आजही तिथे एम.टेक.साठी येतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडणारा छात्र जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेऊनच कमिशनकडे जातो. निवृत्तीला आलेल्या अधिकाऱ्यांसाठी नामांकित व्यवस्थापन संस्थांत खास अभ्यासक्रम चालतात. अधिकाऱ्याचा रस्ता बांधलेला आहे, आणि ते योग्यच आहे.

जवानाचे तसे नाही. २०२२पूर्वी भरती झालेला जवान बहुतेक वेळा दहावी-बारावीनंतर फौजेत गेलेला असतो आणि पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर, चाळिशी गाठायच्या आतच, पेन्शनीवर येतो. मॅट्रिक झालेल्या आणि किमान पंधरा वर्षे सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या ‘क’ गटातल्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीचे मानता येते, असा नियम आहे. नोकरी मिळवायला तो उपयोगी पडतो. पण बरोबरीचे मानणे वेगळे आणि शिकवणे वेगळे. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, त्याने वय आणि हजेरीची अट सैल केली आणि कितीतरी नोकरदारांना पदवी मिळवून दिली. तरी अंधेरीच्या कचेरीच्या फाटकावर किंवा घाटकोपरच्या सोसायटीच्या दारात बारा तासांची पाळी करणारा माजी हवालदार आपल्याला रोज दिसतो. सीमेवर संदेशयंत्रणा सांभाळलेला, शेकडो माणसांच्या रसदीचा हिशेब चोख ठेवलेला हा माणूस रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर लिहीत बसलेला असतो. काम हलके नाही आणि ते करणाराही हलका नाही. पण त्याला दुसरा पर्याय कुणी दिला, हा प्रश्न उरतोच.

उपनगरांत कॉलेजांची वाण नाही. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सकाळच्या सत्रात भरणारी कॉलेजे पुष्कळ आहेत. त्यांनी माजी सैनिकासाठी पाळीच्या वेळा सांभाळणारे वर्ग घ्यावेत. फौजेत घेतलेल्या तांत्रिक प्रशिक्षणाला अभ्यासक्रमात रास्त श्रेयांक द्यावेत. वीस वर्षांनी पुस्तक उघडणाऱ्याला इंग्रजी आणि गणित नव्याने पक्के करून देणारा पहिला महिना ठेवावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने या कॉलेजांशी बोलून घ्यावे. यासाठी नवी इमारत नको, नवा कायदाही नको.

दापोलीच्या पेन्शनरांकडे कायद्याचा आधार तुटपुंजा होता आणि समाजाची सहानुभूती जवळपास नव्हती. तरीही त्यांनी अर्ज लिहिले, पुस्तिका छापल्या, घरात शाळा चालवल्या आणि पेन्शनीतला पैसा वह्या-पुस्तकांत घातला. त्यांच्यातल्या एकाच्या मुलाने पुढे देशाची राज्यघटना लिहिणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भूषवले. आपल्या शहरात राहणाऱ्या माजी जवानाला पुन्हा व्हरांड्यात बसवायचे की वर्गात घ्यायचे, हे आता उपनगरांतल्या प्राचार्यांनी आणि संस्थाचालकांनी ठरवायचे आहे. येत्या प्रवेशांपासून त्याची सुरुवात करता येईल.